चला नाशिकला, डांबर बघायला!

मिसळ, वाइन, पंचवटी... नाशिकची यादी तुम्हाला पाठ असेल. या खेपेला नजर जरा खाली ठेवून नाशिक फिरू या. ज्यावरून आपण फिरतो, तीही एक पाहण्यासारखी चीज आहे.

मुंबईहून वीकएण्डला नाशिकला जाणाऱ्यांचे सरळ दोन गट पडतात. मिसळवाले आणि वाइनवाले. मिसळवाले पहाटे पाचला निघतात, कारण नऊनंतर तर्री संपते असा त्यांचा ठाम समज असतो. वाइनवाले आरामात दुपारी निघतात आणि संध्याकाळी गंगापूर धरणाच्या बाजूला सूर्यास्त, ग्लास आणि स्वतः अशा तिघांचा फोटो काढतात. दोन्ही गट एकमेकांना तुच्छ लेखतात. पण सोमवारी ऑफिसात दोघांनाही प्रश्न एकच विचारला जातो, ‘रोड कसा होता?’

उत्तरही ठरलेलं. एक तर ‘मक्खन!’ नाही तर ‘वाट लागलीये रे!’ गेल्या वर्षी मक्खन असलेल्या रस्त्याची यंदा नेमकी कशाने वाट लागली, हे मात्र कुणी विचारत नाही. माझा एक कॉलेजमित्र नाशिकला रस्त्यांच्या कामावर साइट इंजिनिअर आहे. एकदा फोनवर त्याच्यासमोर मी यथेच्छ शिव्याशाप सुरू केले, तर तो शांतपणे म्हणाला, ‘‘मे संपायच्या आत ये. रात्रीचा ये. डांबर पडताना एकदा बघ, मग बोल.’’

आता डांबर बघायला कुणी नाशिकला जातं का? मी गेलो. एकदा मेमध्ये, एकदा ऑगस्टमध्ये. आणि सॉलिड ट्रिपा झाल्या दोन्ही.

कपाटातलं डांबर, रस्त्यावरचं डांबर

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आजीच्या पैठणीच्या घडीत ठेवलेल्या डांबरगोळ्या आठवतात? पांढऱ्याशुभ्र गोळीला डांबराचं नाव का, तर ती नॅफ्थलीनची असते आणि नॅफ्थलीन निघतं कोळशाच्या डांबरातून. दगडी कोळसा हवा न लागू देता तापवला की जो काळा, चिकट, उग्र वासाचा द्रव मिळतो, ते मूळचं डांबर. शंभर वर्षांपूर्वी रस्त्यावर तेच ओतायचे.

आज रस्त्यावर असतं ते बिटुमेन. ते वेगळ्या घराण्यातलं. रिफायनरीत कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल निघून गेलं, त्यानंतरही जेवढं निघेल तेवढं तेल काढून घेतलं की तळाशी जे उरतं, ते हे. मुंबईत माहुलच्या रिफायनऱ्यांतही ते तयार होतं. म्हणजे तुमच्या बाइकच्या टाकीतलं पेट्रोल आणि चाकाखालचा रस्ता ही एकाच पिंपातली भावंडं. कोळशाच्या डांबरात कॅन्सरचा धोका असतो म्हणून ते रस्त्यांवरून गेलं. नाव तेवढं मराठीत चिकटून बसलं. डांबरच ते!

चीज जुनीच आहे. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहातून पाणी झिरपू नये म्हणून साडेचार हजार वर्षांपूर्वी नैसर्गिक डांबराचा थर दिलेला सापडतो. रस्त्यावर यायला मात्र त्याला फार उशीर लागला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडमने फोडलेल्या खडीचे थर एकमेकांत घट्ट बसवून रस्ता करायची पद्धत रूढ केली, पण त्यात डांबर नव्हतं. गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा असायच्या, त्या खडी आणखी दाबायच्या. मग मोटारी आल्या. रबरी टायरनी खडीतली बारीक माती उडवायला सुरुवात केली आणि धुळीने लोक हैराण झाले. 1902 साली इंग्लंडमध्ये एडगर हूली यांनी खडी आणि डांबर आधीच कालवून मग अंथरण्याचं पेटंट घेतलं. तोच तो टारमॅक.

रात्रीचा शो

मेचा शेवटचा आठवडा, रात्रीचे साडेदहा. कॉलनीतला एक साधा रस्ता. नाव सांगत नाही, कारण तुमच्या घरासमोरचा असता तरी असाच दिसला असता. मित्राने पहिल्यांदा माझ्या पायांकडे पाहिलं. ‘‘फ्लोटर्स घालून आलास? मागे उभा राहा मग.’’ कामगारांच्या पायात गमबूट, डोक्याला फडकी. दिवसभर तापलेली जमीन, त्यात हॉटमिक्स प्लांटवरून आलेला डंपर, ताडपत्रीखाली झाकलेला. ताडपत्री सरकली आणि जो काही वाफेचा भपकारा आला, विचारू नका.

डंपरमध्ये निव्वळ डांबर असेल अशी माझी कल्पना होती. मित्र म्हणाला, ‘‘वजनात मोज. वरच्या थराच्या मालात साधारण 95 टक्के खडी, कच आणि दगडाची पूड. डांबर जेमतेम 5 टक्के.’’ म्हणजे 10 टनांच्या गाडीत अर्धा टन. आपण ज्याला डांबरी रस्ता म्हणतो तो खरं तर दगडी रस्ता आहे, डांबर फक्त गोंद.

हा सगळा प्रकार मला सर्वांत जास्त कशाची आठवण करून देत होता माहितेय? चिक्कीची. शेंगदाणे म्हणजे खडी, गुळाचा पाक म्हणजे डांबर. पाक गरम आहे तोवरच लाटून घ्यायचं. गार झाला की लाटणं मोडेल, चिक्की हलणार नाही. इथेही तेच. प्लांटमधून माल निघतो साधारण दीडशे ते एकशेसाठ अंशांना. शंभर अंशांच्या आसपास उतरायच्या आत रोलरने त्याला दाबून घ्यावं लागतं. म्हणून डंपरवर ताडपत्री, म्हणून प्लांट फार लांब नको, म्हणून मित्राच्या हातात थर्मामीटर आणि जिवाला घोर.

पेव्हर मशीन पुढे सरकत होतं आणि मागे काळी, वाफाळणारी सतरंजी अंथरत होतं. कडेला दोघेजण दाताळ्याने माल सारखा करत होते. मग रोलर. लोखंडी ड्रमवर पाण्याची बारीक धार सोडलेली, नाही तर माल ड्रमलाच चिकटायचा. त्यामागे टायरवाला रोलर, खडीला मळल्यासारखा दाबणारा. रोलरवर बसलेल्या काकांना मी विचारलं, किती फेऱ्या मारायच्या? ‘‘साहेब सांगतील तेवढ्या. पन एका जागी उभं नाय राहायचं. उभं राहिलं की खड्डा.’’ मी घड्याळ लावून पाहिलं. अर्ध्या तासात एकदाही त्यांनी रोलर ताज्या थरावर थांबवला नाही.

आणि गंमत म्हणजे हा थर इतका दाबूनही पूर्ण भरीव करायचा नसतो! आत 3 ते 5 टक्के हवा ठेवायची असते. उन्हाळ्यात डांबर फुगतं, त्याला आत जागा मिळाली नाही तर ते वर येऊन रस्ता काळ्या तेलासारखा चकाकायला लागतो. टू-व्हीलरवाल्यांनो, असा चकाकणारा पट्टा दिसला की ब्रेक जपून. पण हवा जास्त राहिली तरी पंचाईत, कारण त्याच फटींतून पावसाचं पाणी आत शिरतं.

पांडवलेण्यांचा दगड

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खाऊन (नाशिकला आलोच होतो, सोडतो की काय!) मित्र मला पांडवलेण्यांवर घेऊन गेला. म्हटलं, आता इथे कसलं डांबर? तो म्हणाला, ‘‘95 टक्के इथे आहे.’’

आलं लक्षात. ज्या काळ्या कातळात दोन हजार वर्षांपूर्वी ही लेणी कोरली, तोच बेसॉल्ट दगड फोडून इथल्या रस्त्यांची खडी होते. ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून थंड झालेला हा दगड कठीण तर आहेच, शिवाय डांबराशी त्याचं जमतंही चांगलं. काही प्रकारच्या ग्रॅनाइटवर किंवा गारगोटीसारख्या दगडावर डांबर नीट धरत नाही, पाणी मध्ये शिरून त्याला सोलून काढतं. बेसॉल्ट डांबराला घट्ट धरून ठेवतो. रस्ता करायला सह्याद्रीसारखं माहेर नाही!

याच लेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यात त्याने केलेल्या दानांची यादी आहे. भडोच, सोपारा, गोवर्धन अशा ठिकाणी वाटसरूंसाठी बांधलेल्या धर्मशाळा, विहिरी आणि नद्यांवर फुकट होड्यांची सोय. त्यातलं गोवर्धन म्हणजे इथलंच, गंगापूरच्या बाजूचं. म्हणजे प्रवाशांची सोय करणं ही बढाई मारण्यासारखी गोष्ट आहे, हे इथल्या दगडावर दोन हजार वर्षांपासून कोरलेलं आहे. खालून आग्रा रोडचा आवाज अखंड येत असतो. वर उभं राहून तो ऐकायला मजा येते.

उतरून शहर ओलांडून दिंडोरी रोडला गेलात तर ‘मेरी’ लागते. रिक्षावाल्यासाठी तो फक्त स्टॉप आहे, पण हे नाव महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेचं. 1959 साली स्थापन झालेली. धरणांची मॉडेल्स, माती, दगड, काँक्रीट यांच्या चाचण्या असा तिचा पसारा. एका सरकारी लॅबच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं एका अख्ख्या उपनगराचं नाव होऊन बसली, हे फक्त नाशिकलाच जमू शकतं.

सुई, ऊन आणि द्राक्षांचे ट्रक

डांबराचा खरा स्वभाव कळतो तो लॅबमध्ये. जुनी चाचणी एकदम साधी. 25 अंशांवर ठेवलेल्या डांबरावर 100 ग्रॅम वजनाची सुई 5 सेकंद सोडायची आणि ती किती रुतली ते मोजायचं. 8 ते 10 मिलिमीटर रुतली तर ते ‘80/100’ ग्रेडचं. 2006 साली भारतीय मानक बदललं आणि 60 अंशांना डांबर किती घट्ट राहतं यावरून ग्रेड ठरू लागले. व्हीजी-10, व्हीजी-30, व्हीजी-40 वगैरे. आकडा जितका मोठा तितकं डांबर घट्ट.

साठच का? कारण हवेत चाळीस असताना काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग साठ अंशांपर्यंत सहज जातो. नाशिकचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि थंडीत पारा एक आकडी होतो. निफाडकडे तर त्याहून खाली. म्हणजे एकाच डांबराने मेमध्ये मऊ पडायचं नाही आणि जानेवारीत तडकायचं नाही. आपल्यापैकी किती जणांचा स्वभाव इतका ॲडजस्टेबल असतो?

त्यात आणखी एक फंडा आहे. डांबर घन आहे की द्रव, हे तुम्ही किती घाई करता यावर ठरतं. भरधाव गाडीचं चाक क्षणात निघून जातं, तेव्हा ते घट्ट असतं. तेच वजन हळू सरकलं किंवा उभं राहिलं, की ते मधासारखं सावकाश वाहतं. म्हणूनच रस्त्याला लाटा कुठे दिसतात बघा. सिग्नलच्या आधी, बसस्टॉपवर, घाटाच्या चढणीला ट्रक रांगत जातात तिथे.

आणि ट्रक म्हणजे नाशिकचा श्वास. पिंपळगावची द्राक्षं, लासलगावचा कांदा, सातपूर-अंबडच्या कारखान्यांचा माल. अमेरिकेत इलिनॉयमध्ये 1958 ते 1960 या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवत ठेवून एक प्रचंड प्रयोग झाला होता. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, सुमारे 16 पट होतं. या हिशेबाने तुमची कार रस्त्याचं जवळपास काहीच बिघडवत नाही. एक ओव्हरलोड ट्रक मात्र हजारो गाड्यांचं काम एकटा करून जातो.

मग येतो पाऊस

दुसरी ट्रिप ऑगस्टमध्ये. कसारा घाट चढलो तेव्हा इगतपुरीत अक्षरशः ढग रस्त्यावर उतरले होते. नाशिकला पोचलो तर रिमझिम. मित्राबरोबर तसाच पुढे सिन्नरला गेलो तर ऊन! इगतपुरीला वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, नाशिक शहरात 700 च्या आसपास आणि सिन्नरकडे त्याहून कमी. दीड-दोन तासांच्या ड्राइव्हमध्ये आपण तीन ऋतूंतून जातो आणि डांबर मात्र सगळीकडे तेच. एकाच ऑफिसात तीन वेगळ्या बॉसखाली काम करण्यासारखं.

परतताना मेमध्ये पाहिलेल्या त्याच कॉलनीरोडवर गेलो. निम्मा रस्ता झक्कास होता. कोपऱ्यावरचा वीस-पंचवीस फुटांचा तुकडा मात्र उखडलेला. माल तोच, रोलर तोच, रात्रही तीच. मग? मित्राने बुटाच्या टोकाने कडेची जाळी दाखवली. पालापाचोळ्याने बंद झालेली. पाणी तिथेच तुंबून राहत होतं.

खड्डा कसा पडतो ते त्याने तिथेच उभं राहून सांगितलं. आधी केसाएवढी भेग. त्यातून पाणी खालच्या खडी-मुरमाच्या थरात जातं. तो थर ओला होऊन पोकळ होतो. वरून टायर गेलं की आतलं पाणी पंपासारखं दाबलं जातं आणि बारीक माती घेऊन बाहेर उसळतं. खडीवरचं डांबर सुटतं. एक दगड निघाला की शेजारच्याचा आधार जातो. मग एका रात्रीत भगदाड. लोक म्हणतात, पावसाने रस्ता खाल्ला. पाऊस पडून वाहून गेला असता तर काही बिघडलं नसतं, तो थांबला म्हणून खाल्ला. म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता ठेवतात, मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर. तेवढा उतार आणि उघडी जाळी यांवर रस्त्याचं अर्धं आयुष्य ठरतं.

यावर आपला आवडता उपाय म्हणजे आणखी एक थर! जुना थर खरवडून न काढता वर नवा अंथरला की रस्ता दर खेपेला वर चढतो. जुन्या गावठाणात फिरलात तर कित्येक घरांचे उंबरे रस्त्याच्या पातळीला आलेले दिसतील. पाणी मग जाळीत न जाता ओटीवर येतं. वास्तविक डांबराचा मोठा गुण हा, की ते पुन्हा तापवून पुन्हा वापरता येतं. खरवडलेला माल नव्या मालात मिसळता येतो. चिक्की वितळवून पुन्हा थापण्यासारखंच!

गॅरंटीवाला रस्ता

मग टिकाऊ डांबरी रस्ता होतच नाही का? पुणेकर लगेच हात वर करतील. जंगली महाराज रोड! 1976 साली रेकॉन्डो कंपनीने 10 वर्षांची गॅरंटी देऊन केलेला हा हॉटमिक्सचा रस्ता पुढे कित्येक पावसाळे खड्ड्यांशिवाय राहिला आणि दंतकथा बनला. डांबर तेव्हाही डांबरच होतं. फरक पडला तो थराच्या जाडीत, काम करण्यात आणि कागदावर लिहून दिलेल्या हमीत.

विक्रम वेगाचेही होतात. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत अंथरून गिनीज बुकात नोंद झाली. नवे प्रयोगही चालू आहेत. मदुराईचे प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लास्टिक गरम खडीवर चढवून मग डांबर मिसळायची पद्धत काढली. पाणी खडीपर्यंत सहज पोचत नाही. त्यांना 2018 साली पद्मश्री मिळाली.

दुसरीकडे काँक्रीटची लाट आहे. शहरात अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा 1.1 किलोमीटरचा स्मार्ट रोड काँक्रीटचा. इगतपुरीजवळून जाणारा समृद्धी महामार्गही काँक्रीटचा, 5 जून 2025 ला तो पूर्ण 701 किलोमीटर खुला झाला. काँक्रीट पाण्याला घाबरत नाही, पण खर्च जास्त, पाइपलाइनसाठी खोदलं तर जोडणं कटकटीचं, आणि पक्कं व्हायला दिवस लागतात. डांबरावर रात्री काम संपवून सकाळी रिक्षा सोडता येते. ज्या शहरात दर दोन महिन्यांनी कुणीतरी काहीतरी खोदतं, तिथे हा गुण छोटा नाही.

श्रावणातली परीक्षा

नाशिकच्या रस्त्यांची खरी परीक्षा बारा वर्षांनी एकदा येते. प्रयागचा कुंभ थंडीत, हरिद्वारचा वसंतात, उज्जैनचा उन्हाळ्यात. गुरू आणि सूर्य सिंहेत असताना होणारा आपला सिंहस्थ मात्र भर पावसात. 2015 ची शाही स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात होती, पुढची ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये आहेत. म्हणजे डांबर जेव्हा सर्वांत हळवं असतं, नेमकी तेव्हाच त्यावर सर्वांत मोठी गर्दी.

मजा अशी, की लाखो भाविकांच्या पावलांनी रस्त्याचं काही बिघडणार नाही. वजनाचा तो 16 पटवाला नियम आठवा. रस्ता मोडतील त्या एसटी, पाण्याचे टँकर, सामानाचे ट्रक, तेही त्र्यंबकसारख्या नाशिकहून कितीतरी जास्त पावसाच्या बाजूला. आणि मोडलेल्या रस्त्याची उखडलेली खडी टोचेल ती अनवाणी चालणाऱ्यांना.

मित्राला विचारलं, तुमची डेडलाइन काय? तो म्हणाला, ‘‘टेंडरमध्ये काहीही असू दे. 2027 चा मृग.’’ ऑक्टोबर ते मे एवढाच डांबराचा हंगाम. घाईत रस्ता काळा करता येतो, एका रात्रीत. मी स्वतः पाहिलाय. उतार, गटार आणि नीट दाबलेला खालचा थर एका रात्रीत होत नाही, आणि उद्घाटनाच्या फोटोत दिसतही नाही.

चौकट : रस्ता ‘वाचायचाय’? मग हे बघा

- जाळीजाळीच्या भेगा : सुसरीच्या पाठीसारखी नक्षी दिसली तर खालचा थर गेलाय. वरून मलमपट्टी करून उपयोग नाही.
- चाकांच्या रेषेत दोन पन्हाळी : जड आणि संथ वाहतुकीची खूण. पावसात त्यात पाणी साचतं, बाइक मधल्या उंचवट्यावरून घ्या.
- चकाकणारे काळे पट्टे : डांबर वर आलंय. ब्रेक हळू.
- राखाडी रस्ता : घाबरू नका. वरचं डांबर झिजून दगड दिसतोय, एवढंच. कुळकुळीत काळा म्हणजे चांगला, असं काही नसतं.
- सर्वांत सोपी टेस्ट : पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने आपल्या गल्लीत एक चक्कर मारा. जिथे अजून डबकं आहे, तिथे पुढचा खड्डा. फोटो काढा, वॉर्ड ऑफिसला पाठवा आणि जाळीवरचा पाला काठीने बाजूला करा. दोन मिनिटांचं काम आहे, मिसळ तोवर गार होत नाही.